इंजिन बदललेली जुनी गाडी

जग्वार ई-टाइप ही इंग्लंडची स्पोर्ट्स कार १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली आणि १९७४ पर्यंत बनत राहिली. आज शौकीन लोक ती घेताना रंगाआधी नंबर पाहतात. इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळला तर भाव चढतो. ब्लॉक बदललेला असेल तर उतरतो.

सुरुवातीच्या ई-टाइपमध्ये हा ब्लॉक बिडाचा. कडक थंडीत आतले पाणी गोठले की त्याला तडा जाऊ शकतो. तडकलेला ब्लॉक बदलणे हा काही गुन्हा नव्हे. नीट बसवलेला दुसरा ब्लॉक उत्तम चालतो, आणि ज्याला गाडी फिरवायचीच आहे त्याला ती स्वस्तात मिळते. खोट आहे ती लपवण्यात, जुना नंबर घासून दुसरा ठोकण्यात.

अब्बांनी घेतलेल्या जुन्या स्कूटरचे इंजिन आरसी बुकातल्या नंबराशी जुळेना, तेव्हा आम्ही हे शिकलो. गाडी नावावर करायला आरटीओत फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. विकणाऱ्याने आधी सांगितले असते, तरी अब्बांनी ती घेतलीच असती. वर त्याला दुआही दिली असती.

म्हणून गाडी कोणतीही असो, पैसे मोजण्याआधी वाकून नंबर वाचा. आणि विकताना तो स्वतःहून दाखवा.