नगराच्या वाट्याची जमीन

शहर वाढते ते आधी कागदावर वाढते. शेतजमीन बिनशेती होते, बिनशेतीचा नकाशा तयार होतो, नकाशावर रस्ते आणि बागा रंगांनी उमटतात, आणि मग भूखंडांचे दर जाहीर होतात. या व्यवहारात एक पक्ष विकासकाचा असतो व दुसरा ग्राहकाचा. परंतु या दोहोंइतकाच हक्काचा असा एक तिसरा पक्षही असतो, आणि तो म्हणजे नगर. नगराने जमिनीचा वापर बदलण्यास परवानगी दिली, रस्ता दिला, पाणी दिले, गटार दिले. त्याच्या मोबदल्यात नगराच्या पदरात काय पडले, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. बेळगाव आणि निपाणी या सीमाभागातील दोन गावांच्या निमित्ताने तो आज विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

बेळगाव हे आपल्याला परके नाही. २०१४ साली त्याचे नाव सरकारी दप्तरात बेळगावी झाले, तरी चोर्ला घाटाने उतरणारी भाजी आणि दूध आजही आपल्या घरी बेळगावचेच म्हणून येते. कोणाचे आजारपण तेथे निभावते, कोणाची मुले तेथे शिकतात, कोणी म्हातारपणासाठी तेथे एखादा भूखंड घेऊन ठेवलेला असतो. तेव्हा त्या शहराची वाढ कशी होते, याच्याशी घाटाखालच्या माणसाचाही संबंध आहे.

कायद्याची मांडणी तशी साधी आहे. कर्नाटकाच्या १९६१ च्या नगर व ग्रामरचना कायद्यानुसार खाजगी मालकाला आपल्या जमिनीचे भूखंड पाडावयाचे असतील, तर आराखड्यास संमती घ्यावी लागते; आणि बेळगावसारख्या शहरांत हे काम १९८७ च्या कायद्याखालील नगरविकास प्राधिकरणाकडे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘बुडा’कडे येते. संमती देताना रस्ते, उद्याने आणि नागरी सुविधांच्या जागा सार्वजनिक मालकीत द्याव्या लागतात. शाळा, दवाखाना, वाचनालय, समाजमंदिर यांसाठी राखलेली जी जागा, तिलाच बेळगावात सर्रास ‘सीए साईट’ म्हणतात. बेंगळूर विकास प्राधिकरणाच्या १९७६ च्या कायद्याने तर प्राधिकरणाच्या स्वतःच्या वसाहतींत १५ टक्के जागा उद्याने व क्रीडांगणे यांसाठी आणि आणखी १० टक्के नागरी सुविधांसाठी राखण्याचे बंधन घातले. शंभर एकरांच्या वसाहतीत पंचवीस एकर लोकांचे, हा हिशेब लहान नाही.

विकासक म्हणतात, ही जमीन आमची, ती फुकट का द्यावी? या तक्रारीला उत्तर दिलेच पाहिजे, कारण ती वरकरणी रास्त वाटते. परंतु भाताच्या शेताचा भाव भूखंडाच्या भावाला पोचतो तो काही मालकाच्या घामाने नव्हे. समाजाने दिलेल्या संमतीने, समाजाने बांधलेल्या रस्त्याने आणि शेजारी वसलेल्या शहराने तो पोचतो. त्या वाढीतला काही भाग समाजाने परत मागितला, तर ते दान नव्हे आणि खंडणीही नव्हे. ती त्या संमतीची किंमत आहे. चेन्नईतील अशाच एका वादात, १० टक्के मोकळी जागा विनामोबदला सार्वजनिक करण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये उचलून धरली. तात्पर्य, हक्क आहे. प्रश्न आहे तो हक्क बजावणारा कोण, हा.

मराठी माणसाला या प्रश्नाचे सर्वांत कडू उत्तर मुंबईत मिळाले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गापासून घाटमाथ्यापर्यंतची घरे होती. संप मोडला, गिरण्या एकेक करून थंडावल्या, आणि सुमारे सहाशे एकर जमीन शहराच्या मध्यभागी मोकळी होऊ लागली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने एक तोड काढली: गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश ‘म्हाडा’ला परवडणाऱ्या घरांसाठी, आणि उरलेला मालकाला. पुढे २००१ मध्ये या नियमात बदल झाला. वाटणी कायम राहिली, पण वाटावयाची जमीनच आटली. ज्या जागेवर गिरणीची बांधकामे उभी होती ती वगळून, केवळ आधीपासून मोकळी असलेली जागा तेवढी वाटणीला घ्यावयाची, असा तो बदल होता. गिरणी म्हणजे बहुतांशी बांधकामच! उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने कौल दिला, परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा बदल वैध ठरविला. एका वाक्यातल्या दोन-चार शब्दांनी शहराच्या हातून शेकडो एकरांचा हिशेब निसटला. ज्यांच्या पिढ्या त्या गिरण्यांत खपल्या, त्यांना त्या बदलाचा अर्थ कळेपर्यंत तेथे काचेचे मनोरे उभे राहिले होते.

मुंबईचे हे उदाहरण निपाणीने आजच ध्यानात घ्यावे. निपाणी हे तंबाखूचे गाव. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी महामार्गावर ठाण मांडले आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. त्याच सुमारास तंबाखूच्या वखारींत धुळीत काम करणाऱ्या बायका संघटित झाल्या. ‘युगांतर’ या चित्रपट-गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट काढला. गिरणी हे जसे परळ-लालबागचे, तशी वखार हे निपाणीचे रूप. पुणे-बेंगळूर महामार्गालगतच्या अशा गावात जुन्या व्यापाराच्या जागा एक ना एक दिवस इमारतींसाठी बाजारात येणारच. त्या येतील तेव्हा वाटणी आधीच ठरलेली असावी, की सौदा झाल्यावर नगरपालिकेने वरातीमागून घोडे दामटावे? शिवाय निपाणीला लागून असलेले अर्जुननगर महाराष्ट्रात आहे. गावाचे देवचंद महाविद्यालय तेथेच आहे. म्हणजे वस्ती एक, पण नगररचनेचे कायदे दोन. सांडपाण्याला मात्र राज्याची हद्द कळत नाही.

बेळगावातील स्थिती वेगळी आहे, परंतु अधिक निश्चिंत म्हणावी अशी नाही. शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारांतील सुपीक जमिनीवर शहराची नजर आहे. हलगा ते मच्छे या वळणरस्त्याविरुद्ध शेतकरी वर्षानुवर्षे झगडत आले, ते याच काळ्या आईसाठी. बळ्ळारी नाल्याचे पाणी पावसाळ्यात उभ्या पिकात शिरते. ऑगस्ट २०१९ मधील अतिवृष्टीने बेळगावला दाखवून दिले की, पाण्याची वाट अडविली की पाणी घराची वाट धरते. अशा शहरात नगराच्या वाट्याला आलेली मोकळी जागा ही केवळ मुलांच्या झोपाळ्यांसाठी नसते. ती पाणी मुरण्याची, पाणी वाहण्याची जागा असते. नाल्याकाठचा कोपरा, जो विकला जाणार नाही तोच, ‘उद्यान’ म्हणून दाखवून अट पुरी करावयाची, ही युक्ती जर कोठे चालत असेल, तर ती कागदावर कायदा पाळून जमिनीवर तो मोडण्याची युक्ती होय.

मग नगराच्या बाजूने बोलावयाचे कोणी? नगरसेवकांनी, हे सरळ उत्तर. पण बेळगाव महापालिकेच्या सभागृहाची मुदत २०१९ मध्ये संपली, निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ मध्ये, आणि महापौर निवडला गेला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये. सुमारे चार वर्षे शहराचा कारभार लोकांच्या प्रतिनिधींविना अधिकाऱ्यांनी चालविला. या काळात ‘स्मार्ट सिटी’ योजनेचा निधी येत होता आणि शहर वाढावयाचे थांबले नव्हते. सर्व अधिकारी सचोटीचे होते असे गृहीत धरले, तरी बदलीवर येणाऱ्या अधिकाऱ्याला वीस वर्षांनंतरच्या मैदानाची काळजी असण्याचे कारण नसते. ती काळजी त्या गल्लीत राहणाऱ्यालाच असते.

आणि येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. आराखड्याची संमती, हस्तांतराचे दस्त, हरकती मागविणाऱ्या सूचना या कन्नडात असतात. ज्या शेतकऱ्याची जमीन जाते आणि जो मराठी कुटुंबप्रमुख आयुष्याची पुंजी घालून भूखंड घेतो, त्याला आपल्या वसाहतीत बाग कोठे, शाळेची जागा कोणती, हे वाचता येत नाही. भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत कागदपत्रे मिळावीत ही मागणी सीमाभागात जुनी आहे. तिच्याकडे केवळ अस्मितेची मागणी म्हणून पाहिले जाते. वास्तविक ती मालमत्तेच्या रक्षणाची मागणी आहे. आणि न्यायाने बोलावयाचे तर, दस्त कपाटात बंद असेल तर कन्नड भाषक नागरिकही तितकाच अंधारात राहतो. उघडपणाच्या अभावाला जात नाही आणि भाषाही नाही.

मिळालेली जागा टिकविणे हे त्याहून कठीण. बेंगळुरातील राजमहाल विलास विस्तारात उद्यानासाठी राखलेली जागा एका खाजगी रुग्णालयासाठी देण्याचा आदेश थेट सरकारातून निघाला होता. तेथील रहिवासी न्यायालयात गेले आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय अवैध ठरविला. उद्यान ही रहिवाशांची गरज आहे, ती सत्तेच्या मर्जीने वाटण्याची चीज नव्हे, हा त्या निवाड्याचा अर्थ. तो खटला जिंकला गेला कारण जागा कोणती हे रहिवाशांना ठाऊक होते आणि ते एकत्र आले. लॉस एंजलिस शहरात २००१ साली एका मोठ्या संकुलाच्या वेळी विकासकाने थेट परिसरातील नागरिक-संघटनांशी लेखी करार केला. त्यात घरांपैकी २० टक्के परवडणाऱ्या दराची असावीत, उद्यानांसाठी दहा लाख डॉलर द्यावेत, अशी कलमे होती. तेथे करार झाला तो माणसे चांगली होती म्हणून नव्हे. परवानगी मिळण्यापूर्वी लोक एकजुटीने टेबलापाशी बसले होते म्हणून.

यावरून काय करावे हे उघड आहे. नगराच्या वाट्याची जागा आधी ताब्यात यावी आणि मगच भूखंडांची विक्री सुरू व्हावी. प्रत्येक वसाहतीच्या तोंडाशी तिचा मंजूर नकाशा कन्नड, मराठी आणि इंग्रजीत फलकावर लागावा. उद्यान, नाला व सुविधा यांच्या जागांची यादी दरवर्षी महापालिकेच्या खुल्या सभेत वाचली जावी, आणि नागरी सुविधेची जागा कोणत्या संस्थेला भाडेपट्ट्याने दिली, तेथे आज काय चालते, तेही त्याच सभेत सांगितले जावे. यांपैकी कशालाच नवा पैसा लागत नाही. लागते ती लाज आणि इच्छा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ग्राहकाला संरक्षण दिले हे खरे, परंतु तो कायदा विकणारा व घेणारा यांच्यातला आहे. तिसऱ्या पक्षाची, नगराची, फिर्याद नगरालाच मांडावी लागेल.

महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. न्याय मिळावा ही आमची इच्छा आम्ही कधी लपविली नाही. परंतु भूखंड न्यायालयाच्या तारखेची वाट पाहत नाहीत. उद्या बेळगाव आणि निपाणी कोणत्याही राज्यात असोत, तेथील मुलांना खेळावयास मैदान आणि पावसाच्या पाण्याला वाहावयास वाट लागणारच आहे. हक्काच्या गावासाठी लढणाऱ्यांनी त्या गावातल्या हक्काच्या जागेवरही तितकाच कडक पहारा ठेवला पाहिजे. नाही तर गाव मिळेल आणि त्यात आपले म्हणावे असे काही उरलेले नसेल.