मेदयुक्त यकृत आणि जनुकांचे कार्य

यकृताच्या विकाराचे नाव निघाले, की प्रथम मद्यपानाची शंका घेतली जाते. मद्याला कधीही स्पर्श न केलेल्या गृहिणीला किंवा शिक्षकाला यकृतात मेद साठल्याचे निदान ऐकून धक्का बसतो, तो यामुळेच. वस्तुतः स्थूलता व मधुमेह यांच्याशी निगडित असा हा विकार मद्यपानाशिवायही होतो. यकृताच्या ५ टक्के वा अधिक पेशींत मेद साठला, म्हणजे ते मेदयुक्त यकृत मानतात. प्रारंभी बहुधा कोणताच त्रास जाणवत नाही. पुढे काही रुग्णांच्या यकृतात दाह होतो, तंतू वाढतात आणि अखेरीस यकृत कठीण होऊन निकामी होऊ शकते.

हे कसे घडते, याचा उलगडा जनुकांच्या कार्यावरून होतो. मानवी पेशीत प्रथिने घडविणारी सुमारे २०,००० जनुके असतात. सर्व कार्यालयांत नियमपुस्तिका एकच असली, तरी प्रत्येक खाते आपल्या कामाचीच पाने उघडते. तद्वत यकृताची पेशी आपणांस आवश्यक तीच जनुके कार्यान्वित करते. अशा जनुकाची आरएनए या रेणूच्या रूपाने प्रत निघते व तिच्यावरून प्रथिन तयार होते. या क्रियेला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. यकृताचा सूक्ष्म तुकडा सुईने काढून त्यातील या प्रती मोजल्या, म्हणजे कोणते जनुक किती प्रमाणात कार्य करीत आहे, हे कळते.

जेवणानंतर स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन यकृताला दोन आज्ञा देते : नवी साखर तयार करणे थांबवावे, आणि जादा साखरेचे मेदात रूपांतर करावे. दुसऱ्या आज्ञेसाठी लागणारी जनुके एसआरईबीपी-१सी हे नियंत्रक प्रथिन कार्यान्वित करते. स्थूल व्यक्तींत इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो. परंतु तो सर्वत्र सारखा मंदावत नाही. पहिली आज्ञा यकृत नीट ऐकत नाही, दुसरी मात्र पाळत राहते. परिणामी रक्तात साखर आणि यकृतात मेद एकाच वेळी वाढतात. दाह सुरू झाल्यावर यकृतातील अन्य पेशींत कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन घडविणारी जनुके अधिक कार्य करू लागतात व यकृत कठीण होत जाते.

यात आनुवंशिकतेचाही वाटा आहे. अमेरिकेतील डलास येथे हेलन हॉब्ज व जोनाथन कोहेन यांच्या संशोधनातून २००८ मध्ये पीएनपीएलए३ या जनुकाचा एक भेद यकृतातील मेदवृद्धीशी संबंधित असल्याचे आढळले. हा भेद जन्मतः मिळतो व बदलत नाही. परंतु स्थूलतेबरोबर त्याची हानी वाढते.

याउलट, जनुकांची अभिव्यक्ती बदलू शकते. वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर रुग्णांचे यकृत तपासणाऱ्या जर्मन संशोधकांना २०१३ मध्ये जनुकांवरील काही रासायनिक खुणा वजन घटल्यावर अंशतः पालटलेल्या दिसल्या. क्यूबामध्ये २९३ रुग्णांना ५२ आठवडे आहारनियमन व व्यायाम करावयास सांगितले होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, वजन १० टक्के वा अधिक घटविणाऱ्यांपैकी ९० टक्के रुग्णांचा दाहयुक्त विकार नाहीसा झाला. असे यश मिळविणारे थोडे होते, हे खरे. परंतु मार्ग शस्त्रक्रियेवाचूनही खुला आहे, हे त्यातून सिद्ध झाले.

आपल्याकडे केवळ वजनावर विसंबून चालणार नाही. भारतीय बालके वजनाने लहान असूनही त्यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक असते, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने जगासमोर आणले. म्हणून कमरेचा घेर पाहणे अगत्याचे आहे. पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही त्याची मर्यादा होय. केंद्र शासनाने २०२१ मध्ये या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आहे. शाळेत गोड शीतपेयांऐवजी पाण्याचा आग्रह, गावात खेळाचे मैदान आणि आरोग्य शिबिरात मोजपट्टी एवढ्या साध्या उपायांनी या कार्याचा प्रारंभ करता येईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मेदयुक्त यकृत असलेल्या व्यक्तीकडे संशयाने पाहणे आपण सोडले पाहिजे. तसे झाले, तरच ती वेळेवर तपासणीस पुढे येईल.