नकाशा खुला, पण कापून कोण देणार?

ओपनस्ट्रीटमॅप हा जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून काढलेला नकाशा. २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये त्याची सुरुवात केली. आज त्याचा सगळा डेटा कुणालाही फुकट उतरवून घेता येतो. श्रेय द्यायचे आणि डेटात भर घालून तो वाटलात तर त्याच अटींवर खुला ठेवायचा, एवढीच अपेक्षा. कागदावर हा खुलेपणा पुरा आहे. पण साऱ्या पृथ्वीची फाइल दाबून लहान केली तरी ८० जीबीच्या घरात जाते, आणि पूरग्रस्त गावात उतरलेल्या पथकाला पृथ्वी नको असते. त्याला एका तालुक्याचे रस्ते, पूल आणि दवाखाने हवे असतात. हा तुकडा कापून देणारे साधन ज्याने त्याने आपल्या लॅपटॉपवर जुळवण्याऐवजी सर्वांसाठी एक वेब सेवा म्हणून चालवले पाहिजे, असे माझे मत आहे. सोय हे त्याचे दुय्यम कारण.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला तेव्हा राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा या नकाशावरचा बराच भाग कोरा होता. उपग्रहचित्रे उपलब्ध होताच शेकडो स्वयंसेवकांनी घरबसल्या गल्ल्या आखल्या, आणि बचाव पथकांनी तो नकाशा गार्मिनच्या हातातल्या यंत्रांवर चढवला. या दोन टोकांमध्ये एक काम होते, ज्याची चर्चा कमी होते: सतत बदलणाऱ्या डेटाची यंत्राला कळेल अशी फाइल पुन्हा पुन्हा तयार करणे. त्याच वर्षी संस्था म्हणून नोंदल्या गेलेल्या ‘ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम’ने पुढे या कामासाठी ‘एक्सपोर्ट टूल’ ही सेवा उभी केली. नकाशावर चौकट आखा, काय हवे ते निवडा, फाइलचा प्रकार सांगा. मागणी रांगेत लागते, सर्व्हर सवडीने काम उरकतो आणि मग फाइल उतरवून घेता येते.

खरी गोम ‘काय हवे ते निवडा’ या पायरीत आहे. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये ठरलेले रकाने नसतात. बिंदू, रेषा आणि त्यांच्यातले संबंध असतात, आणि प्रत्येकाला टॅग जोडलेले असतात. रुग्णालय कुणी एका बिंदूने दाखवतो, कुणी त्याच्या आवाराची हद्द आखतो, तर कुणी त्याला क्लिनिक म्हणतो. आता एखाद्याने फक्त बिंदू मागवले तर त्याच्या यादीतून नेमकी मोठी रुग्णालये गळण्याची भीती, कारण हद्द आखण्याजोगे आवार त्यांनाच असते. एकाच आपत्तीत दोन संस्थांकडे रुग्णालयांचे दोन आकडे निघतात ते असे. चाळणी कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये असेल तर कोणता आकडा का चुकला हे तपासताही येत नाही. सामायिक सेवेत हीच निवड मजकूर म्हणून लिहिलेली राहते. मागणी करणाऱ्याने ती सर्वांसाठी खुली ठेवली, तर दुसरा कुणी ती उघडून पाहू शकतो, तिची नक्कल करून दुरुस्ती करू शकतो आणि काम पुन्हा चालवू शकतो. विज्ञानात प्रयोगाची कृती छापतात ती याचसाठी.

जाणकार म्हणतील, की ओव्हरपास नावाच्या प्रश्नसेवेला चार ओळी लिहून विचारले की हवे ते मिळते. मिळते, पण त्या चार ओळी लिहिणारी माणसे थोडी, आणि ओव्हरपासचा मुख्य सर्व्हरही दिवसाला दहा हजारांहून कमी विनंत्या आणि १ जीबीहून कमी डेटा यातच राहा, असे सांगतो. यातूनच दुसरा, अधिक वजनदार आक्षेप निघतो: फुकट सेवेवर झुंबड उडते, ती कोलमडली की सगळेच अडतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र उपाय ठाऊक आहेत. जर्मनीतल्या कार्ल्सरुहची जिओफॅब्रिक ही कंपनी देश आणि विभागवार तुकडे रोज आधीच कापून ठेवते. महाराष्ट्र आणि गोवा तिच्याकडे भारताच्या पश्चिम विभागात सापडतात. ज्याला अख्खे राज्य हवे त्याने तिथे जावे, रांगेतली सेवा बारीक तुकड्यांसाठी राखावी. शिवाय एक्सपोर्ट टूलचा कोड खुला आहे, त्यामुळे एखादे विद्यापीठ आपला वेगळा सर्व्हर उभारू शकते.

उतरवलेली फाइल शिळी होते, हा आक्षेप मला उलट सेवेच्या बाजूचा वाटतो. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळ भूकंपानंतर हजारो लोक नकाशात भर घालत होते. सकाळची फाइल संध्याकाळी अपुरी ठरत होती. ई-मेलवरून फिरणाऱ्या फाइलला आपले वय माहीत नसते, सेवेकडे मात्र डेटा कोणत्या क्षणाचा आहे याची नोंद असते. एकाच दारातून डेटा बाहेर पडण्याचा आणखी एक फायदा २०१८ च्या मे महिन्यात दिसला. युरोपात खासगीपणाचा नवा कायदा लागू झाला तेव्हा जिओफॅब्रिकने आपल्या खुल्या फाइलींतून नकाशा संपादकांची नावे वगळली आणि ती असलेल्या फाइलींसाठी ओपनस्ट्रीटमॅपचे लॉगिन बंधनकारक केले. बदल एका ठिकाणी झाला आणि तिथून फाइल नेणाऱ्या सर्वांना लागू पडला.

एक आक्षेप मात्र मी पुरता खोडू शकत नाही. बहुतेक लोक तयार निवडच उचलतात, म्हणजे ती निवड ज्याने ठरवली त्याचीच नजर सगळीकडे पसरते. आपल्यासाठी ही गोष्ट अगदी व्यवहाराची आहे. गावाच्या मराठी नावासाठी वेगळा टॅग असतो. तयार निवडीत तो नसेल तर भरलेली मराठी नावे फाइलमध्ये उतरतच नाहीत. ती उतरली तरी फाइल जुन्या ‘शेपफाइल’ प्रकारातली असली तर स्तंभाचे नाव दहा अक्षरांवर छाटले जाते आणि मजकुराला २५४ बाइट मिळतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. म्हणजे ८४ चिन्हांनंतर मजकूर तुटतो, आणि लिपीची खूण सांगणारी छोटी जोडफाइल हरवली तर उरलेलाही वाचता येत नाही. जिओपॅकेज या नव्या प्रकारात यातली एकही अडचण नाही. मराठी मुलखासाठी अशी सेवा कुणी चालवली, तर मराठी नावाचा टॅग आणि जिओपॅकेज या दोन्हींवर आधीच खूण केलेली असावी. ज्याला नको असेल त्याने ती काढावी.