विहिरीचे कार्ड आणि भट्टीचे संमतिपत्र

१९८१ च्या उन्हाळ्यात, जेमतेम महिनाभरात, जालन्याच्या वाट्याला तीन गोष्टी आल्या. १ मे रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतला भाग वेगळा काढून जालना जिल्हा झाला. १६ मे रोजी हवा प्रदूषण रोखण्याचा केंद्रीय कायदा अमलात आला. १ जूनला महाराष्ट्राने १९७४ चा केंद्रीय जलप्रदूषण कायदा स्वीकारला. जिल्हानिर्मिती लोकांच्या लक्षात राहिली, कायद्यांच्या तारखा फायलींत राहिल्या. पण जिल्ह्याबरोबर वाढलेल्या पिढीने कोणती हवा घेतली आणि कोणते पाणी प्यायले, याचा संबंध त्या दोन तारखांशी अधिक जवळचा आहे. या चार दशकांचा मागोवा घेताना एक गोष्ट ठळकपणे समोर येते. तपासणीचा निकाल ज्यांच्या आरोग्यासाठी असतो त्यांच्या डोळ्यांसमोर तो आला, तर तपासणीला बळ येते. तो कार्यालयातच राहिला, तर नियमाप्रमाणे तपासणी होऊनही रक्षण अपुरे पडते.

आधी परवान्यांची बाजू पाहू. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ या दोन्ही केंद्रीय कायद्यांहून जुने. राज्याच्या १९६९ च्या कायद्याखाली ते ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झाले. कारखाना उभारण्याआधी एक संमती, चालवण्याआधी दुसरी, मुदत संपली की नूतनीकरण, अशी त्याच्या कामाची चौकट आहे. हवेच्या कायद्याची अंमलबजावणी मात्र टप्प्याटप्प्याने आली. १९८३ मध्ये राज्याचे काही भाग वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्र ठरले आणि संपूर्ण महाराष्ट्र त्यात यायला ६ नोव्हेंबर १९९६ उजाडला. दरम्यान जालन्याची औद्योगिक वसाहत वाढत गेली आणि बियाण्यांचे शहर सळईचेही शहर झाले. इथल्या पोलादाच्या कच्च्या मालात भंगाराचा वाटा मोठा आहे. इंडक्शन भट्टीत भंगार टाकले की त्यावरचे तेल, रंग, जस्ताचा मुलामा जळतो आणि दाट धूर उठतो. तो हूडने ओढून बॅग फिल्टरमधून गाळायचा असतो. हूड बाजूला सरकलेला असला किंवा वीज वाचवायला पंखा बंद ठेवला, तर तो धूर चिमणीकडे जातच नाही, शेडच्या छपरातून थेट बाहेर पडतो. म्हणून संमतिपत्रातल्या अटींची खरी परीक्षा भट्टीपाशी होते, तीही बहुधा रात्रपाळीत.

जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा हवेच्या राष्ट्रीय मानकांत न बसणाऱ्या महाराष्ट्रातल्या शहरांच्या यादीत मुंबई, पुणे, चंद्रपूर यांच्या जोडीला जालनाही होते. श्वसनावाटे आत जाणाऱ्या पीएम-१० धूलिकणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. यादीत नाव येण्याचा अर्थ असा, की ही मर्यादा एखाद्या वाईट वर्षी नव्हे, वर्षानुवर्षे ओलांडली गेली होती. हा दोष एकट्या भट्ट्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. उखडलेले रस्ते, बांधकामे, वाहने, उघड्यावर जळणारा कचरा यांचाही त्यात वाटा असतो. पण परवान्याच्या पद्धतीची मर्यादा इथेच उघडी पडते. संमतिपत्र एकेका कारखान्याला मिळते, श्वास मात्र सगळ्यांच्या धुराच्या बेरजेचा घ्यावा लागतो. त्या बेरजेत कोणाचा आकडा किती, हे वसाहतीशेजारी राहणाऱ्या माणसाला सहज कळेल अशी सोय या सगळ्या वर्षांत झाली नाही.

याच जिल्ह्याच्या गावांत दुसरी एक तपासणी चालते आणि तिची घडण निराळी आहे. जालन्याची जमीन काळ्या पाषाणाची. त्याच्या भेगांतून पावसाचे पाणी विहिरीत उतरते, तसा शेजारच्या उकिरड्याचा आणि गटाराचा निचराही उतरतो. असा धोका ओळखण्यासाठी महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर होते. स्रोताभोवती घाण आहे का, जलवाहिनी गळते का, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात पाणी साचते का, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरीचा साठा आहे का, जलसुरक्षक नियमित शुद्धीकरण करतो का, हे पाहून जोखीम ठरते आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळते. जोखीम जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळे, कमी असेल तर हिरवे, आणि सलग पाच वर्षे हिरवे राखून साथही न आलेल्या गावाला चंदेरी. रोजच्या पाण्याची ओटी चाचणी तर त्याहून सोपी आहे. नमुन्यात औषधाचा थेंब टाकायचा, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. लाल कार्ड वाचायला रसायनशास्त्र शिकावे लागत नाही. ते ग्रामसभेत सरपंचाला विचारता येते, वर्तमानपत्रात छापून येते, शेजारच्या गावाशी ताडून पाहता येते.

या पद्धतीच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. दोन सर्वेक्षणांमध्ये सहा महिने जातात आणि जलवाहिनी मधल्या काळात कधीही फुटू शकते. टीसीएलमध्ये सुरुवातीला ३३ टक्क्यांच्या आसपास असलेला क्लोरीन दमट खोलीत पडून उडून जातो, म्हणजे साठा मोजून भागत नाही, त्याचा कस पाहावा लागतो. दुष्काळात तर तपासायची वस्तूच जागा बदलते. २०१२-१३ च्या भीषण टंचाईत जालन्यातल्या गावामागून गाव टँकरवर आले. अशा वेळी गावच्या विहिरीच्या कार्डाला अर्थ उरत नाही, टँकर जिथे भरतो त्या ठिकाणाची आणि टँकरच्या टाकीची तपासणी महत्त्वाची ठरते. तरीही या व्यवस्थेचा मोठा गुण असा, की उणीव राहिली तर ती गावाला दिसते आणि बोलून दाखवता येते.

दिसण्याने खरोखर फरक पडतो का, याचा पुरावा इतरत्र आहे. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस काउंटीने १९९८ पासून उपाहारगृहांच्या तपासणीची श्रेणी दर्शनी भागात लावणे सुरू केले. पुढच्या वर्षी अन्नातून होणाऱ्या आजारांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांत सुमारे १३ टक्के घट नोंदली गेली. आपल्याला अधिक जवळचा दाखला गुजरातचा. तिथे २००९ ते २०११ या काळात काही कारखान्यांचे पर्यावरण लेखापरीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे नेमले गेले आणि त्यांचा मेहनताना कारखान्याऐवजी मध्यवर्ती निधीतून दिला गेला. परीक्षकांचे अहवाल खरे येऊ लागले आणि त्या कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले. त्याच राज्यातल्या दुसऱ्या प्रयोगात तपासण्यांची संख्या दुपटीच्या आसपास नेली, तेव्हा सरासरी प्रदूषणात फारसा फरक पडला नाही. म्हणजे फेऱ्या वाढवणे पुरेसे नाही. तपासणारा कोणाच्या पैशावर जगतो आणि त्याचा निकाल कोण वाचतो, यावर बरेच ठरते. महाराष्ट्राच्या मंडळानेही जून २०१७ मध्ये कारखान्यांना धूलिकणांच्या मोजणीवरून एक ते पाच तारे देऊन ते जाहीर करण्याची योजना सुरू केली. कल्पना रास्त होती. ती वसाहतीच्या वेशीपर्यंत पोहोचवण्याचे काम बाकी आहे.

यावर पहिला आक्षेप उद्योगाकडून येतो, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. जालन्याच्या भट्ट्यांवर हजारो घरे चालतात, वीज महाग आहे, स्पर्धा तीव्र आहे, त्यात कागदांचा जाच कशाला? केंद्रानेही हा सूर ऐकला आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवेच्या कायद्यातल्या बहुतेक उल्लंघनांचा तुरुंगवास काढून त्याऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. कागद कमी व्हावेत, यात वाद नाही. पण जो मालक फिल्टर नीट चालवतो, त्याची सळई फिल्टर बंद ठेवणाऱ्याच्या सळईपेक्षा महाग पडते. निकाल झाकलेला राहिला तर बाजार दुसऱ्याला बक्षीस देतो. उघड तपासणी प्रामाणिक कारखानदाराचेच संरक्षण करते, आणि तुरुंगाची भीती गेल्यावर तर समाजाच्या नजरेचे मोल आणखी वाढते. अधिकारी पैसे खातात, मग तपासणी हवीच कशाला, असेही म्हटले जाते. त्यालाही हेच उत्तर लागू पडते. व्यवहार जमतो तो दोघांतच राहणाऱ्या कागदावर. ज्या निकालाला शेकडो वाचक आहेत, तो बदलणे अवघड असते.

दुसरा आक्षेप यंत्रांच्या भरवशावर उभा आहे. चिमणीत संवेदक बसवले, आकडे थेट मंडळाकडे गेले, आता माणसाने फिरायचे कशाला? संवेदक जिथे बसवला तिथलेच मोजतो, आणि भट्टीचा सर्वांत वाईट धूर चिमणीला वळसा घालून जातो, हे वर आलेच आहे. शिवाय धोका धुरापुरता नाही. भंगारात ओलावा किंवा बंद डबा राहिला तर वितळलेल्या लोखंडाचा स्फोट होऊ शकतो. २४ ऑगस्ट २०२४ रोजी जालन्याच्या वसाहतीत एका पोलाद कारखान्यात स्फोट होऊन वीसहून अधिक कामगार भाजले. त्याचे कारण ठरवणे चौकशीचे काम आहे. पण एक गोष्ट त्या चौकशीविनाही सांगता येते. कामगारांची सुरक्षा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय पाहते, हवा प्रदूषण मंडळ पाहते आणि शेजारच्या वस्तीचे आरोग्य स्थानिक स्वराज्य संस्था पाहते. कामगार आणि शेजारी या दोघांनाही या तिघांचे निष्कर्ष एकाच ठिकाणी वाचायला मिळत नाहीत.

हे निष्कर्ष लोकांसमोर आणायला नवा कायदा लागत नाही. घातक कचऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच कारखान्याच्या दारावर उत्सर्जनाचा आणि कचऱ्याचा फलक लावण्यास सांगितले होते. तो फलक कारखाना स्वतः भरतो, हीच त्याची कमकुवत बाजू. विहिरीचे कार्ड मात्र विहिरीची मालक असलेली ग्रामपंचायत लिहीत नाही, आरोग्य खात्याची तपासणी ते ठरवते. हाच नियम भट्टीलाही लावावा. तपासणाऱ्याने स्वतःच्या सहीने शेवटच्या तपासणीची तारीख, आढळलेली त्रुटी आणि ती दूर करण्याची मुदत मराठीत दारावर लावावी, आणि संमतिपत्राच्या नूतनीकरणाआधी हा निकाल जालन्याच्या प्रभागात किंवा लगतच्या गावच्या ग्रामसभेत वाचला जावा. भोकरदन किंवा मंठा तालुक्यातल्या एखाद्या छोट्या ग्रामपंचायतीने स्वतःचे लाल कार्ड लोकांसमोर सोसावे अशी आपण अपेक्षा करतो. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कारखान्याकडून त्याहून कमी अपेक्षा ठेवण्याचे कोणतेही कारण नाही.