चोरासाठी लावलेला सापळा आणि मालकाचे देणे

धानाची कापणी झाली आहे, पुंजणे रचून ठेवले आहेत आणि मळणीयंत्राचा नंबर अजून लागायचा आहे. अशा दिवसांत भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी तालुक्यात शेतावरची चोरी हा पानठेल्यावरचा कायमचा विषय असतो. कधी धान जाते, कधी मोटारपंपाची केबल, कधी स्टार्टर, तर कधी पंपच. राष्ट्रीय महामार्ग ५३ लाखनी गावातूनच जातो, त्यामुळे माल एकदा गाडीत पडला की सकाळपर्यंत कुठे पोचेल याचा नेम नाही. तक्रार दिली तरी हाती काही लागेल याची खात्री नसते. मग कुणीतरी सल्ला देतो, ‘तार लावून टाक एकदा. येईल त्याला समजेल.’

सल्ला देणाऱ्याला पुढचे काही भोगायचे नसते. भोगतो तो तार लावणारा, म्हणजे ज्याच्या घरी आधीच चोरी झालेली असते तोच. लोक ज्याला सरसकट ‘सापळा’ म्हणतात त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एक सापळा चोराला ओळखतो किंवा पकडून देतो, दुसरा त्याला इजा करतो. पहिल्यासाठी मालक कुणाचे काहीही देणे लागत नाही. दुसऱ्यासाठी तुरुंग, दंड आणि नुकसानभरपाई असे तिन्ही त्याच्या माथी येऊ शकते.

गैरसमज : माझे वावर, माझी तार. आत आला त्याची चूक.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात जाऊन निकाली निघाला, त्याला साठ वर्षे उलटली. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य हा तो खटला. हकीकत साधी आहे, आणि म्हणूनच ती कुठल्याही गावात घडू शकते. शेजारच्या घरातल्या संडासाची भिंत पडली. आडोसा गेल्यामुळे त्या घरातली बाई आणि आणखी काही जण ग्रेगरीच्या संडासाचा वापर करू लागले. त्याने बजावून पाहिले, कुणी ऐकले नाही. तेव्हा त्याने संडासाच्या वाटेवर तांब्याची उघडी तार बसवली आणि तिच्यात घरातला वीजप्रवाह सोडला. जुलै १९५९ मध्ये ती बाई आत गेली तेव्हा तारेला तिचा स्पर्श झाला नाही. बाहेर येताना हात लागला आणि थोड्याच वेळात ती मेली.

ग्रेगरीच्या वकिलाचा युक्तिवाद नेमका आपल्या पानठेल्यावरचाच होता. बाई परवानगीशिवाय आत आली होती, तेव्हा मालकावर तिची कसलीच जबाबदारी नव्हती. न्यायालयाने १९६३ मध्ये तो फेटाळला. परवानगीशिवाय जमिनीवर पाऊल टाकणारा माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही. त्याला स्वतःच्या हाताने जबर इजा करता येत नाही, तशी ती होईल हे ठाऊक असताना आडून व्यवस्था करूनही करता येत नाही. तारेतला प्रवाह इतका होता की मालमत्तेच्या रक्षणासाठी घेतलेली वाजवी खबरदारी म्हणून त्याकडे पाहणेच शक्य नव्हते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दलची, तेव्हाच्या कलम ३०४-अ खालची शिक्षा कायम राहिली.

त्या कलमात जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली आहे. माणूस मरू शकतो हे माहीत असूनही तार लावली असे पुराव्यातून दिसले, तर प्रकरण निष्काळजीपणावर थांबत नाही. कलम १०५ खाली सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. खांबावरच्या लाइनवर आकडा टाकून तार जिवंत केली असेल तर विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरी वेगळीच. चोराची वाट पाहत बसलेला माणूस त्या रात्रीपुरता स्वतः चोर ठरतो, हे कुणी फारसे लक्षात घेत नाही.

आपल्या भागात ही तार बहुतेक वेळा रानडुकरांसाठी लावली जाते आणि ‘चोरही येणार नाही’ हा फायदा वरून मोजला जातो. बांबूच्या खुंट्यांवर गुडघ्याइतक्या उंचीवर बारीक तार ओढायची, जेवण झाल्यावर जोडायची आणि उजाडायच्या आत काढायची. आता त्या वेळेत धुऱ्यावरून कोण चालते ते बघा. शेतीची वीज रात्रपाळीत आली म्हणून बांधीला पाणी द्यायला निघालेला शेजारी. मोहफुलांच्या दिवसांत अंधारातच टोपली घेऊन निघालेल्या बाया. बोडीवर जाळे टाकायला जाणारा. आणि घरचीच माणसे, ज्यांना आज तार जोडली की नाही हे सांगायचे राहून गेलेले असते. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे ‘जय’ या नामांकित वाघाचा बच्चा ‘श्रीनिवास’ अशाच तारेला चिकटून मेला. ती तार वाघासाठी लावलेली नव्हती.

गैरसमज : चोराला मारायचा हक्क कायद्यानेच दिला आहे.

हा पूर्ण खोटा नाही, म्हणूनच जास्त घातक आहे. न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे आणि त्यात स्वतःच्याच नव्हे, तर दुसऱ्याच्या मालमत्तेचे रक्षणही येते. कलम ४१ तर काही प्रसंगी जीव घेण्यापर्यंतची मुभा देते. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, किंवा ज्या चोरीत प्रतिकार केला नाही तर मृत्यू वा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटते, ते प्रसंग.

या यादीत उघड्या वावरातून केबल कापून नेणे नाही. पुंजण्यातून दोन भारे उचलणेही नाही. तिथे अडवता येते, झटापट झाली तर गरजेपुरते बळ वापरता येते, चोरटा माल घेऊन पळेपर्यंत तो परत हिसकावता येतो. कलम ३७ प्रमाणे रक्षणाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही.

मला विचाराल तर सगळी मेख इथे आहे. स्वसंरक्षणाचा हक्क समोर उभ्या माणसाला मिळतो, कारण तो बघू शकतो. आलेला चोर आहे की वाट चुकलेला पोर, हातात कुऱ्हाड आहे की रिकामे पोते, तो अंगावर येतोय की पळतोय, हे क्षणात पाहून माणूस हात आवरतो किंवा उगारतो. संध्याकाळी तार जोडून घरी झोपलेल्याने यातले काहीच पाहिलेले नसते. त्याला पोलिसांकडे जायला अख्खा दिवस होता, हे सरकारी वकील पहिल्यांदा विचारणार.

गैरसमज : फलक लावला की जबाबदारी संपली.

भिंतीवरच्या काचा, काटेरी तार, अणकुचीदार फाटक हे अडवण्यासाठी असते आणि दुरून दिसते. चढणारा समजून उमजून चढतो. जिवंत तारेसमोर ‘सावधान’ लिहिलेली पाटी अंधारात कुणी वाचत नाही, आणि पाटी आहे म्हणून बेकायदा वीजप्रवाह कायदेशीर होत नाही. कुत्रा पाळायला हरकत नाही. पण तो माणसांना धोकादायक आहे हे माहीत असून मोकाट ठेवला तर न्याय संहितेचे कलम २९१ आहेच.

बॅटरीवर किंवा सौर पॅनेलवर चालणारे झटका मशीन ही वेगळी वस्तू आहे. त्यात प्रवाह सलग वाहत नाही, सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरता ठोका बसतो आणि माणूस किंवा जनावर मागे हटते. जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदानाची तरतूद आहे. नागझिऱ्याच्या बाजूच्या गावांनी वन विभागाकडे चौकशी करावी. मात्र तेच कुंपण मशीन काढून थेट लाइनला जोडले की पुन्हा ग्रेगरीची तार झाली.

गैरसमज : अमेरिकेत बघा, तिथे मालक सरळ गोळी घालतो.

तिथलाच एक खटला बघू, कॅट्को विरुद्ध ब्रायनी. आयोवा राज्यात ब्रायनी दांपत्याचे एक वडिलोपार्जित, रिकामे शेतघर होते. वर्षानुवर्षे त्यात घुसखोरी आणि चोऱ्या होत होत्या. त्यांनी खिडक्यांना फळ्या ठोकल्या, प्रवेशबंदीच्या पाट्या लावल्या, काही उपयोग झाला नाही. १९६७ मध्ये नवऱ्याने एका खोलीतल्या पलंगाला बंदूक बांधली आणि दाराच्या मुठीपासून चापापर्यंत तार नेली. नेम आधी पोटावर होता, बायकोच्या सांगण्यावरून त्याने तो पायांवर घेतला. बाहेरून बंदूक दिसत नव्हती आणि तिच्याबद्दल एक शब्द कुठे लिहिलेला नव्हता. कॅट्को जुन्या बाटल्या आणि बरण्या उचलायला आत शिरला, दार ढकलले आणि त्याच्या एका पायाचे हाड उडाले.

कॅट्को चोर होता यावर वाद नव्हता. त्याला पन्नास डॉलर दंड झाला. तरीही ज्युरीने ब्रायनी दांपत्याला त्याची भरपाई आणि वरचा दंड मिळून ३०,००० डॉलर द्यायला लावले. १९७१ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. पैसे भागवायला त्यांना ८० एकर जमीन विकावी लागली. न्यायालयाचे सूत्र थोडक्यात असे, की माणसाच्या जिवाचे मोल मालमत्तेपेक्षा जास्त आहे आणि जे मालकाला समोर उभे राहून करता आले नसते ते त्याला यंत्राकडून करवून घेता येत नाही. निकाल मला पटतो, पण चोराला बक्षीस म्हणून दिलेला दंडाचा भाग अजूनही खुपतो. न्यायमूर्तींपैकी एकानेही त्याला विरोध केला होता.

आपल्याकडे मृत्यू झाला तर वारसांना १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली दिवाणी दावा लावता येतो, आणि शिक्षा सुनावताना फौजदारी न्यायालयही भरपाईचा आदेश देऊ शकते. म्हणजे देणे दोन दारांनी येते.

गैरसमज : सापळा रचून पकडला तर केस टिकत नाही.

टिकते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे ‘सापळा रचून रंगेहाथ’ आपण रोज पेपरात वाचतो. नोटांना फिनॉल्फ्थॅलीन पावडर लावलेली असते. घेणाऱ्याची बोटे सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होते, आणि ते पंचांसमोर बाटलीत सीलबंद होते. दुकानदाराने गल्ल्यातल्या नोटांचे नंबर लिहून ठेवले, राइस मिलवाल्याने कॅमेरा बसवला, मोटारसायकलीच्या सीटखाली जीपीएस लपवला, तर त्यात गैर काही नाही. मोहाची वस्तू समोर ठेवली म्हणून चोर निर्दोष होत नाही. फक्त कॅमेऱ्याची चित्रफीत न्यायालयात द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. मूळ रेकॉर्डिंग पुसू नका.

एक खोच मात्र आहे. १८७८ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयासमोर असे प्रकरण आले, की चोरी करू पाहणाऱ्याने घरच्या नोकराला फितवायला बघितले. नोकराने मालकाला सांगितले आणि मालकाच्या संमतीने माल बाहेर काढून दिला. न्यायालय म्हणाले, मालकाची संमती असताना ही चोरीच नव्हे. आरोपी सुटला नाही, त्याला चोरीच्या चिथावणीसाठी दोषी धरले गेले. तेव्हा नजर ठेवा, पण आपल्याच माणसाकरवी माल चोराच्या हातात देऊ नका.

गैरसमज : पकडला की आधी गावाने धडा शिकवायचा.

डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूस धरू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे त्याला विनाकारण उशीर न लावता, आणि फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. खांबाला बांधून चोप देणे या हक्कात बसत नाही. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचले गावात चोर आल्याच्या अफवेवर दोन साधू आणि त्यांचा चालक जमावाच्या हातून मारले गेले. त्यातला एकही चोर नव्हता.

धुऱ्यावर तार ओढलेली असेल तर आजच काढा. चोराची चाहूल लागली तर ११२ लावा. हद्दीचा वाद न घालता कुठल्याही ठाण्याला तक्रार नोंदवावी लागते, आणि ठाण्याने नाकारली तर ती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे, भंडाऱ्याला, पाठवता येते.