गिअरचे तेल : आधी कोणता नट खोलायचा?



हंगाम जवळ आला की ट्रॅक्टरचे ग्रीस, बैलगाडीचे वंगण, इंजिनाचे ऑईल सगळे आपल्याला आठवते. दारातल्या जुन्या व्हॅनच्या गिअरबॉक्सला मात्र कोणी विचारत नाही. मारुतीची ही व्हॅन १९८४ साली आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तरी आमच्याकडे दुधाचे कॅन, खताची पोती, पाहुणेरावळे अजून तीच ओढते. गिअर अडखळू लागला की आपण म्हणतो, "म्हातारी झाली!" पण पुष्कळदा दोष वयाचा नसतो, जुन्या तेलाचा असतो.

हे तेल घरी बदलता येते. आम्ही बदलले, आणि पहिल्याच खेपेला चुकलो. ती चूक आधी सांगतो.

आम्ही उत्साहाने खालचा नट खोलला. काळे तेल घमेल्यात उतरले. मग बाजूचा, तेल भरायचा नट खोलायला गेलो तर तो जाम! पाना घसरून नटाचे कोपरे गोल झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे वडिलांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मिरजेला न्यायचे होते. तेलाविना गाडी काढावी तर आतले दाते खाऊन जाणार. शेवटी शेजारगावच्या मिस्त्रींना रात्री उठवून आणले. त्यांनी खटपट करून नट सोडवला आणि जाताना एवढेच म्हणाले, "आधी भरायचं भोक उघडावं दादा, मग सांडायचं."

तेव्हा क्रम असा धरावा. गाडी पाच-दहा किलोमीटर फिरवून आणावी. कोमट तेल पटकन उतरते. जागा सपाट आणि टणक पाहिजे, मऊ रानात जॅक खचतो. नुसत्या जॅकवर किंवा विटांच्या थप्पीवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. चारही बाजूंना लोखंडी स्टँड लावून गाडी सारखी उचलावी, नाहीतर खड्डा असलेल्या ठिकाणी न्यावी. गाडी कलती राहिली तर तेलाची पातळी चुकते.

आता भरायचा नट नेमक्या मापाच्या पान्याने सोडवून बघावा. नाही सुटला तर खालच्या नटाला हात लावू नये. गंज सुटायचे तेल मारून रात्रभर ठेवावे. गाडी निदान चालती तरी राहते.

खालच्या नटाला बारीक करडा चिखल लागलेला दिसला तर घाबरू नये, ती नेहमीची झीज आहे. दात्याचे तुकडे दिसले तर मात्र मिस्त्री गाठावा. तेल दुधट दिसले तर आत पाणी शिरले असे समजावे. पुराच्या ओढ्यातून गाडी घालणाऱ्यांनी हे विशेष बघावे.

नवे तेल गाडीच्या पुस्तकात लिहिले असेल तेच घ्यावे. डब्यावर 'जी.एल.-४' किंवा 'जी.एल.-५' असा दर्जा असतो. पाचाचा आकडा मोठा, म्हणून माल चांगला, असे इथे नाही. जी.एल.-५ मधली जादा गंधकयुक्त द्रव्ये गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना बाधू शकतात. पुस्तकात चार असेल तर चारच.

खालचा नट नव्या वॉशरसह बसवावा. जोर लावून आटे मारू नयेत. मग नळी आणि नरसाळ्याने वरून तेल सोडावे. भरायच्या भोकातून तेल बाहेर ओघळू लागले की पातळी झाली. ओघळ थांबला की नट लावावा.

राहिले जुने तेल. ते बांधावर, ओढ्यात, विहिरीच्या कडेला ओतू नका. ज्या पाण्यावर ऊस पिकतो तेच पाणी आपण पितो. कॅनमध्ये भरून जुने ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजवाल्याकडे द्यावे.

वडिलांचे ऑपरेशन वेळेवर झाले. व्हॅन अजून दारात आहे, आणि तिचा गिअर आता एका बोटाने पडतो.