घरच्या कुत्र्याची लहानसहान दुखणी

कुत्र्याचे अंग माणसाच्या हाताला नेहमीच थोडे ऊन लागते. निरोगी कुत्र्याचे तापमान सामान्यतः १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, माणसाचे ९८.६ च्या आसपास. हा भेद ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ घरांत कुत्र्याला ताप आल्याचे ठरविले जाते, आणि औषधांच्या डब्यातील पॅरासिटामॉलची गोळी पोळीच्या तुकड्यात घालून त्याला चारली जाते. हेतू मायेचा खरा. परंतु परिणाम प्राणावर बेतू शकतो. या औषधाने कुत्र्याच्या यकृताला आणि रक्तातील तांबड्या पेशींना इजा पोहोचते. आयब्युप्रोफेनने तर जठरात व्रण पडतात व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. शंका आलीच तर गुदद्वारात तापमापक लावून पाहावे. नाक ओले की कोरडे, यावरून तापाचा निर्णय करता येत नाही.

ताप खरोखरच असेल, तर पहिला संशय गोचिडांचा घ्यावा. गोचीड नुसते रक्त पीत नाही. बॅबेसियासारखे सूक्ष्म जंतू ते कुत्र्याच्या रक्तात सोडते. मग कुत्रा खाणे टाकतो, हिरड्या फिकट पडतात, लघवी काळसर तांबडी होऊ लागते. अशा वेळी 'दोन दिवस वाट पाहू' असे म्हणणे धोक्याचे ठरते. रक्ततपासणी त्याच दिवशी व्हावी. ज्या कुत्र्याच्या हिरड्या जन्मतः काळ्या असतात, त्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी.

गोचीड काढावयाचे ते चिमट्याने, कातडीलगत धरून, सरळ व सावकाश ओढून. रॉकेल चोपडण्याची किंवा काडीने चटका देण्याची जुनी रीत सोडून दिलेली बरी. रॉकेलने कातडी भाजते आणि चाटल्यावर ते पोटात जाते. बोटांच्या बेचक्या, कानांच्या पाळ्या आणि गळपट्ट्याखालची जागा रोज चाचपून पाहावी. या तीन जागा बहुधा विसरल्या जातात.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग आत वळते. त्यामुळे स्नानाचे वा पावसाचे पाणी तेथे साचून राहते. लोंबत्या कानांच्या स्पॅनियल किंवा लॅब्रॅडॉर जातीत हे विशेष. कान पुसून कोरडा ठेवावा. तेल ओतू नये, काडी घालू नये. दुर्गंधी किंवा स्राव असेल, तर पडदा शाबूत आहे की नाही हे पाहिल्यावाचून कोणतेही थेंब घालणे योग्य नव्हे.

बूड जमिनीवर घासणारा कुत्रा दिसला की घरोघर जंतांचे निदान होते. प्रत्यक्षात गुदद्वाराजवळच्या दोन ग्रंथी तुंबल्याने हे अनेकदा घडते. पशुवैद्य त्या दाबून मोकळ्या करून देतात.

एखादी ओकारी होऊन कुत्रा पुन्हा खेळू लागला, तर घाबरण्याचे कारण नाही. प्रौढ कुत्र्याचे अन्न बारा तास बंद ठेवावे, पाणी थोडेथोडे द्यावे, नंतर मऊ भात आणि बिनमसाल्याचे, हाडे काढलेले उकडलेले कोंबडीचे मांस द्यावे. कांदा-लसूण अगदी वर्ज्य. पिल्लाला मात्र हा उपास लावू नये. लस न टोचलेल्या पिल्लाला ओकाऱ्यांबरोबर रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब होऊ लागले, तर तो पार्व्हो असण्याचा संभव असतो. त्याला त्याच घटकेस दवाखान्यात न्यावे, आणि घरातील दुसरे पिल्लू त्याच्यापासून वेगळे ठेवावे.